मार्चअखेर किविनॉमध्ये स्नोमोबाईल: घड्याळ, स्लाइड्स आणि ओला बर्फ

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकागोहून चार जण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात, किविनॉला जाणार. होटनजवळ भाड्याने स्नोमोबाईल (पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेलं, बर्फावर चालणारं मशीन) घेऊन कॉपर हार्बरला जाऊन त्याच दिवशी परत यायचं. अंदाज दिवसा 6 आणि रात्री उणे 5 अंश सेल्सियस. आधीचा अनुभव गुलमर्गला चालवणाऱ्याच्या मागे बसून मारलेल्या फेरीचा. जावं का, आणि काय सांभाळावं?

जा, पण त्याच दिवशी परतायचा बेत सोडा. एका बाजूचे पन्नासेक मैल होतात. नवख्या चार जणांचा थांबे धरून ताशी 20-25 मैल वेग पडला तरी खूप, म्हणजे सकाळी सातला निघालात तर कॉपर हार्बरला साडेनऊ-दहा वाजतात. तिथे दुपारचं जेवून निघालात की परतीचा सगळा रस्ता दिवसातल्या सर्वांत वाईट बर्फातून होतो. त्यापेक्षा मशीन आदल्या संध्याकाळी ताब्यात घ्या (बहुतेक दुकानं सातला उघडत नाहीत), पहाटे निघा, रात्र कॉपर हार्बरला काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे परत फिरा. दुपारी एकच्या पुढे मशीन चालवायचंच नाही, असं आधीच ठरवून टाका.

हवामानात सगळे दिवसाचा आकडा पाहतात. या दिवसांत रात्रीचा आकडा पाहायचा असतो. ग्रूमर रात्री ट्रेल खरवडून, दाबून सपाट करतो, आणि तो थर घट्ट बसायला काही तास सलग गोठणारं तापमान लागतं. रात्र उणे 5 ची असेल तर सकाळी ट्रेल टणक मिळतो. रात्रभर पारा शून्याच्या वर राहिला तर ग्रूमिंग करूनही उपयोग नसतो, पहिली दहा मशीन गेली की ट्रेल उखडतो. ढगही महत्त्वाचे. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता वर फेकतो आणि हवा एखाद अंश शून्याच्या वर असली तरी गोठतो. ढगाळ, दमट रात्री तसं होत नाही. पहाटे बर्फावर धुकं दिसलं तर खालचा बर्फ झपाट्याने वितळतो आहे असं समजा. लागोपाठ दोन रात्री शून्याच्या वर जाणार असतील तर तारीख बदला, मग दिवसाचा आकडा काहीही असो.

आता मशीन. बहुतेक नवी स्नोमोबाईल द्रवाने थंड होतात, पण त्यांच्यात मोटारीसारखा पुढे रेडिएटर नसतो. कूलंट टनेलच्या (ट्रॅकवरच्या बोगद्यासारख्या सांगाड्याच्या) आतल्या बाजूला बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या कूलरमधून फिरतो, आणि ट्रॅक, म्हणजे मागचा फिरता रबरी पट्टा, जो बर्फ वर उडवतो तो या कूलरवर आदळून वितळतो, त्याने इंजिन थंड होतं. म्हणजे खालचा मोकळा बर्फ हाच तुमचा रेडिएटर. पहाटेचा ट्रेल काचेसारखा कडक असेल तर ट्रॅक काहीच उडवत नाही, आणि हवा उणे 5 असूनही इंजिन तापतं. थंडीत कसं तापेल, असं वाटून लोक गेजकडे बघतच नाहीत. चांगल्या बर्फात कूलंट साधारण 50-60 अंश सेल्सियसला राहतो (तुमच्या गेजवर 120-140 फॅरनहाइट). तो 75-80 कडे सरकायला लागला की दिवा लागायची वाट पाहू नका.

हायफॅक्स, म्हणजे स्लाइड्स, यांची गोष्ट आणखी नाजूक. सस्पेन्शनच्या दोन रेलच्या खाली प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात आणि ट्रॅकच्या धातूच्या क्लिपा त्यांच्यावरून घसरतात. त्यांना तेल नाही, ग्रीस नाही, वंगण म्हणजे फक्त बर्फ आणि त्याचं पाणी. हे प्लॅस्टिक 130-135 अंशांना वितळतं आणि कोरड्या कडक पृष्ठभागावर वेगात गेलं तर घर्षणाने तिथे पोचायला वेळ लागत नाही. गरम प्लॅस्टिकचा वास येतो, आणि कुणी हलका ब्रेक दाबून धरल्यासारखं मशीन ओढायला लागतं. अशा वेळी एकदम थांबणं ही मोठी चूक. अर्धवट वितळलेलं प्लॅस्टिक थंड होताना क्लिपांना चिकटतं आणि ट्रॅक फिरतच नाही. वास आला की वेग कमी करा आणि मशीन हळूहळू चालवत ट्रेलच्या कडेच्या मऊ बर्फात न्या, तिथे शे-दोनशे फूट चालवा, मग थांबा. चिकटलंच तर थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) न देता मशीन पुढेमागे हलवून सोडवा.

यावरचा उपाय म्हणजे स्क्रॅचर: रेलला लावलेले स्प्रिंगचे दांडे किंवा केबलचे तुकडे, जे खाली सोडले की ट्रेल ओरबाडून बर्फाचा चुरा ट्रॅकवर उडवतात. मशीन घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: स्क्रॅचर आहेत का, आणि दोन्ही बाजूंना आहेत का? मार्चअखेर नसतील तर दुसरं मशीन मागा. ट्रेल कडक आहे असं दिसताच सोडा, गेज चढायची वाट पाहू नका. ताठ दांड्यांचे असतील तर रिव्हर्स घेण्यापूर्वी उचलून अडकवायचे, नाहीतर वाकतात किंवा तुटतात. केबलवाले उलटं गेलेलं सहन करतात. डांबरी रस्ता ओलांडतानाही उचला. स्क्रॅचर चालू असले की मागच्याच्या तोंडावर चुरा येतो, म्हणून अंतर ठेवा. शुद्ध निळसर बर्फावर मात्र तेही फार काही काढू शकत नाहीत. तिथे दर थोड्या वेळाने कडेला, पण ट्रेलच्या हद्दीतच, मऊ बर्फात उतरणं हाच इलाज. ट्रेलचा बराच भाग खासगी जमिनीतून मालकांच्या परवानगीने जातो. कडेच्या शेतात, रोपवनात मशीन घातली की पुढच्या वर्षी तो तुकडा बंद होतो, आणि किविनॉत असे तुकडे जोडणारा दुसरा रस्ता बहुधा नसतो.

तापण्याचा दिवा लागलाच तर आधी मशीन ट्रेलच्या कडेला सुरक्षित जागी घ्या, इंजिन बंद करा, हाताने बर्फ टनेलच्या आत कूलरवर दाबा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. कूलंटचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. रनिंग बोर्डवर, म्हणजे पाय ठेवायच्या पट्ट्यांवर, बर्फ रचणारे दिसतात, त्याने फारसं काही होत नाही. कूलर आत असतात.

सकाळी नऊ-दहापर्यंत त्रास घसरण्याचा असतो. वळणावर स्की पुढे सरकत राहतात, ब्रेक लावला की ट्रॅक कुलूपबंद होऊन मागचा भाग बाजूला येतो. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करा आणि वळणात हलका थ्रॉटल ठेवा. स्कीखालचे कार्बाइड (बर्फात पकड घेणाऱ्या कठीण धातूच्या धारा) झिजलेले असतील तर यातलं काहीच नीट जमत नाही. मशीन एका बाजूने कलवून धार हाताने तपासा. धार गोल झाली असेल तर बदलून मागा.

दहानंतर वरचा इंच-दोन इंच थर मोकळा होतो. दाणे खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे सुटतात, खाली टणक तळ असतो. हे दोन तास वसंतातले सर्वोत्तम. स्कीला पकड, कूलरला पाणी, स्लाइड्सना वंगण, सगळं मिळतं. बाराच्या सुमाराला तळही सुटतो. मग चर, खड्डे, लाटा, आणि उघड्या उतारावर माती. दक्षिणेकडे तोंड असलेले उतार आणि झाडी नसलेले जुन्या रेल्वेमार्गाचे सरळ पट्टे आधी उघडे पडतात, दाट झाडीतले शेवटी. होटनजवळ ट्रेल फाटका दिसला म्हणून घाबरू नका. उत्तरेकडे डेलावेअरच्या (किविनॉतलंच ठिकाण, त्या नावाचं राज्य नव्हे) बाजूला बर्फ नेहमीच जास्त पडतो. लेक सुपिरिअरवरून येणाऱ्या ओल्या वाऱ्यांमुळे 1978-79 च्या हिवाळ्यात किविनॉत 390.4 इंच बर्फ मोजला गेला होता, आणि साध्या वर्षीही 200 इंचांहून जास्त पडतो.

ओल्या जड बर्फात बेल्ट जातो. मशीनचा सी.व्ही.टी. बेल्ट (इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा, गिअरच्या जागी असलेला रबरी पट्टा) दोन क्लचच्या चकत्यांमध्ये दाबला जाऊन चालतो. ट्रॅक चिखलासारख्या बर्फात रुतला आणि तुम्ही थ्रॉटल देत राहिलात की बेल्ट जागच्या जागी घसरतो, चकत्या तापतात, रबर जळतं. रुतलं तर आधी उतरा, ट्रॅकच्या मागचा-पुढचा बर्फ फावड्याने काढा, स्कीसमोर वाट करा, दोघांनी पुढून ओढा, आणि थ्रॉटल फक्त मशीन हलायला लागेल तेवढाच. पाणी आत जाऊन बेल्ट ओला झाला तर इंजिन जोरात फिरतं पण मशीन पुढे जात नाही. हलका ब्रेक धरून हलका थ्रॉटल काही सेकंद द्या, बेल्ट सुकतो. बेल्ट तुटला तर नवा घालण्यापूर्वी दोन्ही क्लचमध्ये आणि खाली अडकलेले दोरे एकूण एक काढा, नाहीतर दुसराही अर्ध्या तासात जातो. जादा बेल्ट आणि क्लच उघडायचं हत्यार मशीनमध्ये आहे का, हे निघण्यापूर्वी डोळ्यांनी बघा. बेल्ट बदलायची कृती दुकानदाराकडून करूनही घ्या.

तळ्यांवर जाऊ नका, एवढंच सांगून भागलं असतं, पण तक्ते दाखवून वाद घालणारे भेटतात. स्नोमोबाईलला 5 ते 7 इंच बर्फ पुरतो हा मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा आकडा नव्या, पारदर्शक, टणक बर्फासाठी आहे. पांढऱ्या बर्फाची ताकद जवळपास निम्मी. मार्चअखेरचा बर्फ उन्हाने आतून सुटलेला असतो, उभ्या नळ्यांसारखे स्फटिक एकमेकांपासून वेगळे झालेले असतात. असा बर्फ फूटभर जाड असूनही एकदम खाली जातो. ओढ्यांच्या मुखाशी आणि पुलांखाली तर आणखीच. ट्रेलवर ओढ्याचं पाणी वर आलेलं दिसलं तर थांबून चालत जाऊन बघा. मोरीवरचा बर्फ वरून शाबूत आणि खालून पोकळ असू शकतो.

कपडे: सुती काही नको. बाहेरचा थर पावसाळी, हातमोज्यांचे दोन जोड, दुसरा कोरडा पिशवीत. गॉगलच्या दोन काचा, उन्हासाठी गडद आणि झाडीतल्या सावलीसाठी पिवळसर. मिशिगनमध्ये हेल्मेट कायद्याने लागतं.

कॉपर हार्बरची रात्र हाच भाग लोक विसरतात. ओल्या बर्फातून आलेलं मशीन तसंच उभं केलं तर सकाळी ट्रॅक, स्की आणि ब्रेक तिन्ही गोठलेले मिळतात. शेवटच्या शंभर फुटांत ब्रेक चार-पाच वेळा दाबून पॅड सुकवा. बंपर धरून मागचा भाग उचला, आपटा, साचलेला चिखलबर्फ पाडा. मशीन लाकडी फळ्यांवर चढवून ठेवा, दोन फळ्या स्कीखाली, एक ट्रॅकखाली. पार्किंग ब्रेक लावू नका. सकाळी आधी स्की डावी-उजवीकडे हलवून सोडवा, मागचा भाग उचलून ट्रॅक मोकळा झाला याची खात्री करा, मगच थ्रॉटल. गोठलेल्या ट्रॅकवर थ्रॉटल दिला की बेल्ट जागेवर जळतो.

इंधन जड बर्फात खूप जास्त लागतं. टाकीवर शंभर मैल जातं असं दुकानदार म्हणाला तर सत्तर धरा. हंगाम संपत आला की छोट्या गावातले पंप आणि खानावळी वेळा कमी करतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करा.

भाड्याच्या करारात तीन गोष्टी वाचा: ट्रेल बंद झाले तर पैसे परत मिळतात का, जळलेल्या स्लाइड्स आणि बेल्ट कुणाच्या खात्यावर, आणि मशीनवर मिशिगनचा ट्रेल परवाना चिकटवलेला आहे का. निघण्यापूर्वी चारही मशीनच्या स्लाइड्सचे फोटो काढा. त्यांच्यावर झिजेची मर्यादारेषा असते, ती दिसत नसेल तर मशीन घेऊ नका, कारण पुढच्या मैलांत जे होईल त्याचं बिल तुमच्या नावावर निघेल.

तारीख पुढे ढकलायची झाली तर फार जागा नाही. मिशिगनचे अधिकृत ट्रेल बर्फ असला तरी 31 मार्चपर्यंतच खुले असतात, आणि शेजारच्या मिनेसोटातले अनुदानित ट्रेलही 1 एप्रिलला संपतात. एप्रिलमध्येच जायचं असेल तर पश्चिमेचे डोंगर, उदाहरणार्थ वायोमिंगमधली 9,658 फुटांवरची टॉगवोटी खिंड. मात्र तिथे दुपारचा ओला बर्फ उतारावरून हिमस्खलन होऊन येतो. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं, तेही पाठीवर, मशीनच्या पेटीत नाही. फोन ट्रान्सीव्हरपासून किमान 20 सेंटिमीटर लांब. शिवाय हे वापरायचं शिक्षण वाटाड्याबरोबर, डोंगरात जाण्याआधी. पहिल्याच सहलीला मी ते सुचवणार नाही.