अशोक, चिन शी ह्वांग आणि बारावीनंतरचा फॉर्म

प्रश्न : माझी मुलगी बारावी कला शाखेत आहे. दर रविवारी संध्याकाळी ती भुवनेश्वर आणि तैवानमधल्या मुलांबरोबर व्हिडिओ कॉलवर बसते. सम्राट अशोक आणि चीनचा पहिला सम्राट यांच्या शिलालेखांची तुलना चालली आहे, असं सांगते. आता तिला याच विषयात शिकायचं आहे. बीए, बीएड करून मार्गी लागावं असं मला वाटतं. हा नुसता नाद आहे की यात पुढे काही आहे?
– एक पालक, सांगली

नमस्कार. मुलांनी विषय झकास निवडलाय, हे आधी सांगते. अशोकाची कारकीर्द साधारण इ.स.पू. २६८ ते २३२. चीनचा पहिला सम्राट चिन शी ह्वांग इ.स.पू. २४७ मध्ये चिन राज्याच्या गादीवर आला आणि २२१ मध्ये त्याने सगळा चीन एका सत्तेखाली आणला. म्हणजे काही वर्षं दोघंही एकाच वेळी राज्य करत होते आणि दोघांनीही दगडावर मजकूर कोरवला. चिन सम्राटाचे लेख म्हणजे चार-चार अक्षरांच्या ओळींत केलेलं त्याचंच गुणगान. अशोक मात्र तेराव्या लेखात कलिंगात लाखभर माणसं मारली गेली, दीड लाख लोक देशोधडीला लागले, असं सांगून पश्चात्ताप व्यक्त करतो. गंमत म्हणजे हा लेख खुद्द कलिंगात, म्हणजे आजच्या ओडिशातल्या धौली आणि जौगडला, कोरलेलाच नाही. का नाही, यावर भुवनेश्वरच्या मुलांचं काय म्हणणं आहे ते मुलीला जरूर विचारा. चिनी बाजूची अडचण वेगळी. मूळ शिलांचे जेमतेम तुकडे उरलेत. सातांपैकी सहा लेखांचा मजकूर आपल्याला कळतो तो सिमा चियेन या चिनी इतिहासकाराने शतकभरानंतर आपल्या इतिहासग्रंथात उतरवून ठेवला म्हणून.

आता खरा प्रश्न. मुलगी हे सगळं कशातून वाचते? इंग्रजी भाषांतरातून वाचत असेल, तर या गटात ती श्रोता आहे. तैवानची मुलं जुनी चिनी शाळेतच थोडीफार शिकतात. त्यांना द्यायला आपल्याकडे काय आहे? दहावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून संस्कृत घेतलं असेल, तर ती पुस्तकं माळ्यावरून खाली काढा. तिथून अशोकाची प्राकृत फार लांब नाही, आणि ब्राह्मी लिपी महिना-दोन महिन्यांत वाचता येते. सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या लेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तिला तो एकदा दाखवून आणा.

बीएड नंतरही करता येतं, त्याची घाई नको. भाषा मात्र आत्ताच पक्की व्हायला हवी. एक वाट म्हणजे पुण्यात संस्कृत किंवा पाली घेऊन बीए, जोडीला मँडरिनचा क्लास, मग डेक्कन कॉलेजात प्राचीन भारतीय इतिहास किंवा पुणे विद्यापीठात पालीचं एमए. दुसरी वाट दिल्लीच्या जेएनयूत किंवा शांतिनिकेतनच्या चीन भवनात (स्थापना १९३७) चिनी भाषेत बीए. माझा कौल दुसरीला. आधुनिक मँडरिन म्हणजे अभिजात चिनी नव्हे, पण लिपी हाती येते आणि पोटाचीही सोय होते. चाकण-रांजणगाव पट्ट्यात चिनी कंपन्यांचे कारखाने आहेत, तिथे दुभाषे लागतात.

प्राध्यापकीच्या भरवशावर मात्र राहू नका. जागा थोड्या आणि भरती रखडलेली. एमएनंतर नेट ही प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा देता येते. चिनी, पाली, संस्कृत हे तिन्ही विषय तिथे आहेत. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७ हजार. हिशेब पाच वर्षांचा धरा, पीएचडी त्याच्या पुढे.

मराठी माणसाने हे केलेलं नाही असं नाही. फर्ग्युसनच्या पु. वि. बापटांनी केवळ चिनी अनुवादात पूर्ण टिकलेला विमुत्तिमग्ग हा बौद्ध ग्रंथ पाली विसुद्धिमग्ग या ग्रंथाशी ताडून पाहिला आणि तो अभ्यास १९३७ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाला.

गट सोडायला लावू नका. मात्र समवयस्कांच्या गटात एकाची चूक सगळ्यांच्या संमतीने पक्की होते, म्हणून महिन्यातून एकदा तरी जाणत्या शिक्षकाने टिपणं तपासावीत. कोणी काय वाचलं, कोणी काय भाषांतरित केलं, हे नावानिशी लिहून ठेवायला सांगा. पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘ऑनलाइन गटात सहभाग’ या ओळीला कोणी विचारत नाही. तपासून घेतलेल्या दहा पानांना विचारतात.

दुसऱ्या वाटेसाठी सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागेल. तिचा फॉर्म नेमका बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत निघतो. तेव्हा तारखेवर लक्ष तुम्ही ठेवा, आणि केंद्र सांगली-कोल्हापुरात मिळतंय का ते पाहा.