सार्क, आरसेप आणि निफाडची द्राक्षे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

राष्ट्रांचे प्रादेशिक गट आणि जागतिकीकरण यांच्या नात्याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतले पाच येथे घेतले आहेत.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात प्रादेशिकवाद ही जागतिकीकरणाविरुद्धची प्रतिक्रिया म्हटली आहे, तर दुसऱ्यात ती जागतिकीकरणाकडे नेणारी पायरी म्हटली आहे. यातले बरोबर काय? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत प्रादेशिकवाद म्हटले की भूमिपुत्रांचा प्रश्न किंवा वेगळ्या विदर्भाची मागणी डोळ्यांसमोर येते. आंतरराष्ट्रीय संबंधांतला ‘प्रदेश’ मात्र अनेक राष्ट्रांचा मिळून होतो, म्हणून मी त्यासाठी ‘प्रादेशिकता’ हा शब्द वापरतो. दोन्ही पुस्तके अर्धी बरोबर आहेत, कारण ती वेगवेगळ्या काळांविषयी बोलत आहेत. १९५१ च्या पॅरिस कराराने सहा देशांनी कोळसा आणि पोलाद एका सामाईक व्यवस्थेखाली आणले, त्यामागे फ्रान्स आणि जर्मनी पुन्हा लढू नयेत हा हेतू होता; जागतिक बाजारपेठेला तोंड देण्याचा प्रश्न तेव्हा मुख्य नव्हता. दक्षिण अमेरिकेतला मर्कोसूर (१९९१), युरोपीय संघ घडवणारा मास्ट्रिक्ट करार आणि आग्नेय आशियाई देशांच्या आसियान गटाचा मुक्त व्यापार करार (दोन्ही १९९२), उत्तर अमेरिकेतला नाफ्टा (१९९४) ही पुढची लाट मात्र बाजारपेठा खुल्या होत असतानाच आली. जगाच्या बाजारात उतरायचे तर आहे, पण एकटे नको आणि दुसऱ्याने घातलेल्या अटींवरही नको, असा तिचा सूर होता. उत्तरपत्रिकेत ‘प्रतिक्रिया’ किंवा ‘पायरी’ असा एकच शब्द निवडण्यापेक्षा अटी कोण ठरवते आणि त्या पाळायला कोण तयार आहे, याभोवती मांडणी करावी.

प्रश्न : आसियान वाढली आणि दक्षिण आशियाई देशांची सार्क खुंटली, याला भारत-पाकिस्तान वैराखेरीज काही कारण आहे का? (निवृत्त प्राध्यापक, औरंगाबाद)

उत्तर : आहे, आणि वैराचे कारण पुढे करून आपण ते वर्षानुवर्षे झाकत आलो आहोत. ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकमध्ये आसियान स्थापन झाली, तेव्हा इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यातला सशस्त्र संघर्ष संपून जेमतेम एक वर्ष झाले होते. म्हणजे शेजाऱ्यांचे वैर तिथेही होते. फरक इतकाच, की त्या गटातला सर्वांत मोठा देश इंडोनेशिया आपले आधीचे अध्यक्ष सुकार्नो यांची आक्रमक भूमिका सोडून गटाच्या चौकटीत राहायला तयार झाला. दुसरी गोष्ट आर्थिक आहे. १९८५ नंतर येन महागला आणि जपानी कंपन्यांनी आपले कारखाने थायलंड-मलेशियाकडे हलवायला सुरुवात केली. सुटे भाग एका देशात, जोडणी दुसऱ्या देशात, असे जाळे विणले गेले. व्यापार कराराचे कागद त्यानंतर, १९९२ मध्ये आले. आग्नेय आशियाच्या प्रदेशाला आकार देणारे भांडवल असे बरेचसे बाहेरचे होते, ही गोष्ट जागतिकीकरण आणि प्रादेशिकता यांना एकमेकींच्या विरोधात उभे करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

सार्कचा क्रम उलटा झाला. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सनद झाली, २००६ पासून मुक्त व्यापार करार लागू झाला, पण कारखान्यांचे जाळे काही विणले गेले नाही. सनदेनुसार निर्णय एकमतानेच घ्यायचे आणि द्विपक्षीय वादाचे विषय बाजूला ठेवायचे. परिणामी एका देशाच्या नकाराने गाडी अडते, आणि ज्या वादांमुळे ती अडते त्यांची चर्चा करण्याची तिथे सोयच नाही. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर एकही शिखर परिषद झालेली नाही. २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली.

आता आपल्या बाजूचे पाहू. २९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने कांदा निर्यात एकाएकी बंद केली. नाशिकच्या कांद्यावर बांगलादेशची बाजारपेठ किती अवलंबून असते हे लासलगावच्या कोणत्याही व्यापाऱ्याला विचारावे. त्यानंतर आठवड्याभरातच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या आणि उद्योजकांच्या सभेत हसत हसत हिंदीतून म्हणाल्या, की आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे; आणि पुढच्या वेळी निदान आधी कळवत जा. सभागृहात हशा पिकला, पण त्या विनंतीत सार्कचे सगळे दुखणे आले होते. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा अचानक बंदी आली आणि कांद्याचे ट्रक सीमेवर अडकून पडले. नुकसान नाशिकच्या शेतकऱ्याचेही झाले आणि ढाक्याच्या गिऱ्हाइकाचेही. शेजाऱ्याला आधी कळवण्याचेही बंधन सर्वांत मोठा देश स्वतःवर घालून घेत नसेल, तर त्या प्रदेशात भरवशाचा पुरवठा उभा राहत नाही, आणि याचा दोष इस्लामाबादवर टाकता येत नाही.

तरी सारे अंधारलेले नाही. नेपाळची जलविद्युत भारताच्या वाहिन्यांमधून बांगलादेशाला देण्याचा त्रिपक्षीय करार ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. वीज अवघी ४० मेगावॉट आहे. पण सार्कच्या कित्येक जाहीरनाम्यांपेक्षा मला या तारेचे मोल अधिक वाटते.

प्रश्न : आम्ही युरोपला द्राक्षे पाठवतो. जागतिकीकरणात बाजार खुले झाले म्हणतात, मग फळात उरणाऱ्या कीटकनाशकांच्या अंश मर्यादेचे एवढे जाचक नियम कसे? हा प्रादेशिक अडसरच नव्हे काय? (द्राक्ष बागायतदार, निफाड)

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण पुस्तकी वादाचा निकाल तुमच्या बागेत लागतो. सप्टेंबर २००८ पूर्वी कीटकनाशकांच्या अंशांच्या मर्यादा युरोपातले देश अनेक बाबतींत आपापल्या ठरवत असत. एका देशात चालणारा माल शेजारच्या देशात अडू शकत असे. त्यानंतर संपूर्ण युरोपीय संघासाठी एकच यादी झाली, आणि ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागू झाली. नियम कडक झाला, पण एकच झाला. रॉटरडॅमला उतरलेली पेटी तिथून जर्मनीत जायला नवी परीक्षा द्यावी लागत नाही.

याची दुसरी बाजू तुम्ही २०१० मध्ये भोगली आहे. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरण्यासाठी सर्रास वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपले सीसीसी, आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत नव्हते. युरोपात ते तपासले गेले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. त्या हंगामात कर्जात गेलेले बागायतदार मी पाहिले आहेत. ज्या नियमाच्या चर्चेत निफाडचा कोणीही बसलेला नाही, तो नियम निफाडच्या फवारणीचे वेळापत्रक ठरवतो, ही तुमची तक्रार रास्त आहे. मात्र त्यानंतर काय घडले तेही पाहावे. बागेची दरवर्षी नोंदणी, ग्रेपनेट या संगणक प्रणालीवर प्लॉटनिहाय माग, पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अंशांची तपासणी, ही व्यवस्था अधिक कसून पाळली जाऊ लागली. एका प्रादेशिक गटाचा अंतर्गत नियम हजारो किलोमीटर दूरच्या तालुक्याचा नियम झाला. बाजारपेठ पुरेशी मोठी असेल तर तिला आपला नियम जगावर लादण्यासाठी वेगळा करारही करावा लागत नाही. तुम्ही त्याला अडसर म्हणा, मी त्याला युरोपने आपल्या शिक्क्यानिशी पाठवलेले जागतिकीकरण म्हणेन. खंत एवढीच, की हीच शिस्त आपल्याच गिऱ्हाइकासाठी, वाशीच्या बाजारात जाणाऱ्या मालाला, अजून लागू नाही.

प्रश्न : आरसेप या आशिया-प्रशांत देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडण्याचा भारताचा निर्णय योग्य होता का? (लघुउद्योजक, चाकण)

उत्तर : ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने नकार दिला, उरलेल्या पंधरा देशांनी पुढच्या वर्षी सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार अंमलात आला. न्यूझीलंडच्या दूध भुकटीने सहकारी दूध संघ कोलमडतील आणि चीनचा माल आणखी स्वस्त होऊन येईल, अशी भीती होती. पहिली भीती मला त्या वेळीही खरी वाटली आणि आजही वाटते. दोन-चार जनावरांच्या जिवावर चालणारे आपले दूध आणि शेकडो गाईंचे तिकडचे गोठे यांची बरोबरी होत नाही.

दुसरीचा हिशेब मात्र जुळत नाही. नकार दिला तेव्हा चीनशी असलेली आपली व्यापारी तूट ५० अब्ज डॉलरच्या आसपास होती; २०२४-२५ मध्ये ती ९९ अब्ज डॉलरच्या घरात गेली. म्हणजे करार नसतानाही माल आलाच, कारण तो आपल्या कारखान्यांना हवा आहे. शिवाय आसियान, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्याशी आपले स्वतंत्र करार आधीपासून होतेच. नवे दार फक्त चीन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांना उघडायचे होते.

तोटा कुठे होतो हे तुमच्याच धंद्यात दिसते. आरसेपमध्ये अनेक वस्तूंना सवलत मिळण्यासाठी ४० टक्के मूल्य गटातल्या देशांत निर्माण झालेले असावे लागते, आणि ते गटातल्या वेगवेगळ्या देशांचे मिळून मोजता येते. थायलंडमध्ये जोडणी करून जपानला माल पाठवणारा कारखानदार चीनचा सुटा भाग त्या बेरजेत धरू शकतो. चाकणचा भाग तितकाच चांगला आणि तितक्याच किमतीचा असला तरी तो बेरजेबाहेर राहतो. त्यामुळे माझे मत असे, की दुधासाठी अडून बसणे योग्य होते, पण दूध वगळून आत राहण्यासाठी आपण पुरेसे भांडलो नाही.

प्रश्न : एकाच मालाला देशागणिक वेगळा दर, वेगळा उगम दाखला (माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला). जागतिक व्यापार संघटना असताना हे चालते कसे? (सीमाशुल्क दलाल, उरण)

उत्तर : कायद्यातच सोय आहे. १९४७ च्या गॅट या जागतिक व्यापार कराराचे पहिले कलम सर्व देशांना समान वागणूक द्या म्हणते, आणि चोविसावे कलम मुक्त व्यापार क्षेत्राला त्यातून सूट देते. मुख्य अट अशी, की जवळजवळ सगळा आपसांतला व्यापार त्यात यावा. विकसनशील देशांना १९७९ मध्ये आणखी ढिली सवलत मिळाली. या वाटेने आज साडेतीनशेहून अधिक करार अस्तित्वात आहेत. मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९९५ मध्ये या पसाऱ्याला स्पॅगेटीच्या वाडग्याची उपमा दिली. आपण शेवयांचा गुंता म्हणू. एक शेवई उचलायला जावे तर पाच वर येतात. त्यांचा आक्षेप असा, की असे करार जागतिक खुलेपणाकडे नेतातच असे नाही, आणि २०१९ च्या डिसेंबरपासून देशांमधल्या व्यापारी तंट्यांवर निकाल देणारे जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ बंद पडले असताना तो आक्षेप अधिकच लागू पडतो.

तुमच्या टेबलावरचा ताप मात्र सप्टेंबर २०२० नंतर वाढला. आसियानमार्गे दुसऱ्याच देशाचा माल सवलतीत येतो या संशयाने नवे नियम आले. आता नुसता दाखला पुरत नाही, माल तिथे कसा तयार झाला याची माहिती आयातदाराजवळ हवी आणि बिल ऑफ एंट्रीच्या, म्हणजे सीमाशुल्क खात्याला द्यायच्या आयातपत्राच्या, तारखेपासून किमान पाच वर्षे ती जपायला हवी. न्हावा शेव्याच्या छोट्या आयातदारांपैकी काही जण या कटकटीपेक्षा सवलत सोडून पूर्ण शुल्क भरणे पत्करतात, हे तुम्ही पत्रात लिहिलेच आहे. तेव्हा पुढचा करार झाल्याची बातमी आली, की शुल्क किती उतरले याच्या आधी उगमाच्या नियमांचे परिशिष्ट उघडून पाहावे.