अपघातानंतर पुन्हा कामावर : लाभ आणि कर

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात प्रेस मशीनवर माझी दोन बोटे तुटली. पगार १९,००० रुपये असून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो. डॉक्टरांनी आता हलके काम करण्यास परवानगी दिली आहे. कामावर गेल्यास ईएसआयचे पैसे बंद होतील का? कर भरावा लागेल का?

उत्तर : आपल्याला आतापर्यंत सरासरी मजुरीच्या सुमारे ९० टक्के दराने मिळत असलेला तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ज्या दिवशी आपण मजुरी घेऊन काम कराल, त्या दिवसासाठी मिळणार नाही. मात्र कायमच्या अपंगत्वाचा लाभ वेगळा आहे. वैद्यकीय मंडळाने कमाईच्या क्षमतेतील घट निश्चित केल्यावर तो सुरू होतो आणि पूर्ण पगारावर रुजू झालात तरी थांबत नाही. पुष्कळ कामगार रुजू झाल्यावर मंडळापुढे जाण्याचे टाळतात. हे नुकसानीचे ठरते. म्हणून उपचार संपून कामावर जाण्यास योग्य असल्याचे डॉक्टरांचे अंतिम प्रमाणपत्र हाती पडताच ईएसआयच्या शाखा कार्यालयात मंडळाकडे पाठवण्याची मागणी लेखी करून पोच घ्यावी.

कराची धास्ती मात्र अनाठायी आहे, कारण आपला वार्षिक पगार २,२८,००० रुपये होतो आणि अन्य उत्पन्न नसल्यास त्यावर जुन्या किंवा नव्या कोणत्याही करप्रणालीत कर लागत नाही. किमान ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर मिळणारी ७५,००० रुपयांची वजावट केवळ जुन्या प्रणालीत आहे, आणि आपल्याला तिची गरजच नाही.