पगाराच्या स्लिपवरचे १२० रुपये

प्रश्न : माझे मिस्टर सातपूरला एका प्रेस शॉपमध्ये कामाला आहेत. पगार १६,००० रुपये. फेब्रुवारीत त्यांना कावीळ झाली, १९ दिवस घरी होते. पहिले चार दिवस गावाकडच्या वैदूचं औषध घेतलं, मग सिडकोतल्या खासगी डॉक्टरांचं. मालक म्हणतात, "काम नाही तर पगार नाही. फार तर शिल्लक रजा टाकतो." हे कायद्यात बसतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी मिस्टरांची जानेवारीची स्लिप काढा. कपातीत 'ईएसआय १२०' असं दिसतंय का? ईएसआय म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना. हा १६,००० चा पाऊण टक्का. त्यावर मालक स्वतःचे सव्वातीन टक्के, म्हणजे ५२० रुपये, भरतो. महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ही योजना आहे. आजारपणाचा पगार मालकानं द्यायचा नसतोच, तो ईएसआय देतं. मालक खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला.

फेब्रुवारीच्या आजारासाठी मागच्या एप्रिल ते सप्टेंबरमधली वर्गणी बघतात. त्या सहा महिन्यांत ७८ दिवसांची भरलेली असली की पुरे. मिळतात सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. खाडे नसतील तर तुमचा आकडा रोजचे ३६७ रुपयांच्या आसपास येईल. दाखल्यावरच्या आजाराचे पहिले दोन दिवस मात्र कोरडे जातात, त्यांचे पैसे नाहीत.

आता रजेचं. मी २८ वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिली. एका फिटरला टायफॉइड झाला, तेव्हा उपकार करतोय अशा थाटात मी त्याची बारा दिवसांची भरपगारी रजा टाकली. ज्या दिवशी रजेचा पगार घेतला, त्या दिवसाचे ईएसआयचे पैसे मिळत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण त्या वेळी ते डोक्यात आलं नाही. दिवाळीनंतर त्याची आई गेली, तेव्हा खात्यावर एकच रजा उरली होती. तो काही बोलला नाही. मला अजून टोचतं. म्हणून हिशोब कळेपर्यंत मिस्टरांनी रजेच्या अर्जावर सही करू नये.

खरी अडचण दाखल्याची आहे. ईएसआयला स्वतःच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. रांगेला कंटाळून सगळे खासगीत जातात आणि इथेच अडकतात. खासगी उपचारांचे कागद ते पुरावा म्हणून मान्य करू शकतात, पण करायचे की नाही हे त्यांच्या हाती. तेव्हा केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, औषधांची बिलं, दहा आकडी विमा क्रमांक आणि बँक पासबुक घेऊन याच आठवड्यात ईएसआयच्या दवाखान्यात आणि शाखा कार्यालयात जा. "कामावरून काढीन" अशी भाषा झाली तर घाबरू नका. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येत नाही.

स्लिपवर ईएसआयची ओळच नसेल तर कपात का होत नाही हे मालकाला लेखी विचारा. कारखान्यांच्या कायद्यात आजारपणाची वेगळी पगारी रजा नाही, वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा तेवढी आहे.

वैदूचे चार दिवस कुठल्याच कागदावर नाहीत. ते वजा जाता उरले १५, त्यातले दोन कोरडे, म्हणजे तेरा दिवसांचे साधारण ४,७७० रुपये. शिल्लक रजा टाकायचीच असेल तर त्या चार दिवसांपुरतीच टाकायला सांगा.