डिप्लोमा, 9 वर्षं भोसरी आणि 3 विषय

तू विचारलं आहेस : आयटीआय टर्नर, त्यावर डिप्लोमा, मग चाकणला 6 वर्षं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, हे सगळं कॅनडात डिग्रीला धरतील का? वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय. व्हिसा, आयईएलटीएस, फी हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते उगाळत नाही. तुझा प्रश्न दोनदा वाचून सोडून दिला होता. 12 वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन मी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात उतरलो. औंध आयटीआय, अप्रेंटिसशिप, डिप्लोमा, भोसरीत 9 वर्षं.

आपल्याकडे डिप्लोमावाल्याला इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तो हिशेब डोक्यातून काढ. इथे पीएलएआर नावाचा प्रकार आहे, आधी शिकलेल्याची तपासणी, आणि ती विषयागणिक होते. अनुभवाला क्रेडिट नसतं. त्यातून काय शिकलास ते त्यांच्या सिलॅबसच्या भाषेत मांडायचं, नाहीतर परीक्षा देऊन दाखवायचं. मी म्हटलं, 9 वर्षं लेथवर होतो. तपासणीच्या बाईंनी कौतुकाने मान डोलावली आणि विचारलं, "मग यातला कोणता कोर्स?"

खरा छळ कागदांचा. भोसरीची माझी कंपनी तोवर बंद पडलेली. हातात सर्व्हिस सर्टिफिकेट 3 ओळींचं : अमुक ते अमुक तारीख, ऑपरेटर, वर्तणूक चांगली. टॉलरन्स (मापात चालणारा फरक), प्रोग्रॅमिंग, फिक्श्चर (जॉब पकडायची जोडणी), कशाचा उल्लेख नाही. जुन्या सुपरवायझरांनी 2 पानं मनापासून लिहून दिली. लेटरहेड नाही म्हणून बाद. तिकडे बाबा, वय 68, सिलॅबसच्या पानापानावर शिक्का घ्यायला हेलपाटे घालतायत. चौथ्या खेपेला साहेब रजेवर. बाबा हे फोनवर हसत हसत सांगत होते, आणि ते हसणं आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. तेव्हा राजीनामा द्यायच्या आधी कामाचं सविस्तर पत्र लेटरहेडवर घे. सिलॅबस स्वतः जाऊन आण. वडिलांना पाठवू नकोस.

ड्रॉइंगच्या परीक्षेला मी ऐटीत गेलो. आपण फर्स्ट अँगल शिकतो, टॉप व्ह्यू खाली काढतो. इथे थर्ड अँगल, टॉप व्ह्यू वर. कोणती पद्धत ते सांगणारं कोपऱ्यातलं शंकूचं बारकं चिन्ह मी बघितलंच नाही आणि उजव्या अंगाचा स्लॉट डावीकडचा धरला. वर मापं इंचात. नापास! आणि भोसरीत पोरं ड्रॉइंग समजून घ्यायला माझ्याकडे यायची.

शेवटी 3 विषयांना सूट मिळाली, वर्कशॉप आणि मेट्रॉलॉजी (मोजमापाचा विषय) धरून. गणित परत, कम्युनिकेशन परत. शिवाय कितीही क्रेडिट मिळालं तरी काही वाटा त्याच कॉलेजात पुरा करावा लागतो. आमच्याकडे पाव होता. आणि कॉलेजने दिलेलं क्रेडिट पुढे युनिव्हर्सिटी धरेलच असं नाही, आधी लेखी विचार.

हाताच्या कामाला किंमत हवी असेल तर रेड सील बघ, कुशल कारागिरांसाठी कॅनडाभर चालणारं प्रमाणपत्र. मशिनिस्टच्या त्या परीक्षेला बसायला भारतातले तासही धरतात, पुरावा मात्र हवा. 70 टक्क्यांना पास. मी तेच केलं. पगार बरा आहे.

एकटेपणाचंही विचारलंस. वाटतो. जानेवारीत जास्त.

डिग्रीचे 7 विषय राहिलेत, आणि आता कितीतरी वर्षं राहिलेलेच आहेत. आई सोसायटीत सांगते, मुलगा कॅनडात इंजिनियर आहे. ऑन्टारिओत परवान्याशिवाय स्वतःला इंजिनियर म्हणवणं कायद्यात बसत नाही. हे तिला मी सांगितलेलं नाही. बाबांनाही सांगायचं राहिलं, आता ते नाहीत. त्यांनी आणलेली शिक्क्यांची फाइल कपाटात आहे. कॉलेजने त्यातली 11 पानं मागितली होती, बाबांनी 140 आणली.

तुझं मार्कशीट आणि सिलॅबस स्कॅन करून पाठव. ड्रॉइंगचं तेवढं मी शिकवतो.