शेततळ्यातल्या माशांना व्हायरस लागला तर त्यांची प्रतिकारशक्ती काही करते का? बूस्टर पावडर कोणती टाकावी?

करते. आणि पावडर टाकू नका. एवढं लिहून थांबायला पाहिजे खरं, पण तुमच्या प्रश्नातला 'बूस्टर' शब्द वाचला आणि डोकं सटकलं, कारण त्या एका शब्दावरनं आमच्या घरात दोन वर्षं भांडण चालू आहे.

मी तासगाव तालुक्यातला. द्राक्षबाग, ३० बाय ३० चं प्लास्टिक कागदाचं शेततळं. बागेसाठी पाणी भरून ठेवावंच लागतं, त्यात मासे सोडले तर बिघडलं काय म्हणून मार्चअखेर ३ हजार चिलापीची, म्हणजे तिलापिया माशाची, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणली. कुठनं आणली ते सांगत नाही. गाडी रात्री बाराला पोचली, पिशव्या गरम झालेल्या, आणि सगळ्यांना झोप आलेली म्हणून पिशव्या तळ्यात अर्धा तास तरंगत ठेवायच्या सोडून तशाच ओतल्या. ती चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

अठराव्या दिवशी मर लागली. सकाळी बघतोय तर पन्नासएक मासे काठाला येऊन नुसते थांबलेले, खाद्य टाकलं तरी वळून बघेनात. एक हातात घेतला तर डोळा दुधाळ, आमच्या आईला मोतीबिंदू झालेला तेव्हा दिसायचा अगदी तसा, पोटाकडचे खवले उचकटलेले, आणि अंगाला बुळबुळ नाहीच. मासा हाताला कोरडा लागतो म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

आता दाजी. दाजींची विट्याकडं पोल्ट्री आहे, पंधरा वर्षं झाली, त्यामुळं रोग म्हटलं की आमच्याकडं शेवटचा शब्द त्यांचा. फोन केल्याकेल्या गाडीवर ५ किलोची 'इम्युनिटी' पावडरची बादली आणि अँटिबायोटिकचं पाकीट घेऊन हजर. म्हणाले, "रानीखेत येऊ नये म्हणून आम्ही काय करतो? पाण्यातनं लासोटा. तुझे मासे तर पाण्यातच हायत, अजून सोपं." ऐकायला इतकं बिनतोड वाटलं की मी मान हलवली. मग पावडर पाण्यावर फेकली, जाळं ओढून दुबळे मासे काढले, आणि वरनं 'ताजं पाणी' म्हणून बोअर चालू केली. दुपारी तळ्याचं पाणी ३१ अंश आणि बोअरचं २५. अकरा दिवसांत बाराशे मासे मेले.

ह्यात काय काय चुकलं ते मी नंतर सहा महिने वाचत बसलो, ते सांगतो, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

पहिली गोष्ट, लासोटा ही कोंबड्यांच्या रानीखेत रोगाची लस आहे, जिवंत पण सौम्य विषाणू, आणि ती रोग यायच्या आधी देतात. पावडर ही पावडर आहे. चिलापीच्या व्हायरसवर आपल्याकडच्या दुकानात लस मिळत नाही, आणि अँटिबायोटिक व्हायरसला काहीच करत नाही, तेवढं तर आता सगळ्यांना माहीत असायला पाहिजे.

दुसरी गोष्ट, माशाची पहिली संरक्षक भिंत म्हणजे तीच बुळबुळ. त्या चिकट्यात जंतूंना फोडणारे एन्झाइम असतात, प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी असतात, आणि विषाणू आत शिरायच्या आधी त्यातच अडकून वाहून जातो. माशांत आयजीटी नावाचं एक प्रतिपिंड आहे, २००५ साली सापडलं, ते मुख्यतः कातडी, कल्ले, आतडं असल्या ठिकाणीच काम करतं. आणि आम्ही काय केलं, तर जाळं ओढून ती बुळबुळच घासून काढली.

विषाणू पेशीत शिरलाच तर ती पेशी इंटरफेरॉन सोडते, म्हणजे शेजारच्या पेशींना सांगते की माझ्याकडं चोर शिरलाय, कड्या लावा. शेजारणी मग एमएक्स वगैरे प्रथिनं बनवतात आणि त्यांच्यात विषाणूला आपल्या नकला काढणं अवघड होतं. गंमत म्हणजे इंटरफेरॉन १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान ह्या दोघांनी शोधलं ते कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर. दाजींच्या धंद्यातलीच वस्तू, पण सांगायला गेलो तर म्हणाले मला अंडी शिकवू नको.

हे इंटरफेरॉनचं काम तासा-दिवसांत सुरू होतं. नेमक्या त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आणि मारेकरी पेशी तयार व्हायला मात्र वेळ लागतो, आणि कोंबडी आणि मासा इथंच वेगळे पडतात. कोंबडीचं अंग बारा महिने ४१ अंशांच्या आसपास, थंडी असो का ऊन. माशाचं अंग म्हणजे पाण्याचं जेवढं तापमान तेवढंच. थंड पाण्यातल्या ट्राउटला प्रतिपिंडं बनवायला महिना-दीड महिना लागतो, आपल्याकडच्या गरम पाण्यात लवकर होतं तरी दोन-तीन आठवडे धरा. आणि तेवढ्यात तुम्ही बोअरचं पाच-सहा अंशांनी थंड पाणी एकदम सोडलंत तर लढणाऱ्याच्या पायात दोरी टाकल्यासारखं आहे. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प माशाच्या बाबतीत तर प्रयोगात दिसलंय की कोई हर्पिस ह्या विषाणूचा रोग झालेले मासे स्वतःहून गरम पाण्याकडं जातात, म्हणजे आपल्याला ताप येतो तसा ते ताप शोधत जातात. तो विषाणू साधारण १६ ते २८ अंशांत मारतो, पाणी तिशीच्या वर गेलं की तो थंडावतो. पण चिलापीचं उलटं, तिला होणारा तिलापिया लेक व्हायरस गरम पाण्यातच जोर करतो, तेव्हा तळं तापवायच्या भानगडीत पडू नका.

आणखी एक. माशाच्या हाडात मगज नसतो, त्याच्या रक्तपेशी बनतात डोक्यामागच्या मूत्रपिंडात. मासा साफ करताना कण्याला चिकटलेली काळपट लाल पट्टी नखानं खरवडून टाकतो ना आपण, ती मूत्रपिंडाचीच, आणि तिचा डोक्याकडचा भाग म्हणजे माशाचा लष्करी तळ. स्ट्रेसचं कॉर्टिसॉलसुद्धा तिथंच तयार होतं. दाटी, जाळं, प्रवास, ऑक्सिजन कमी, ह्यातलं काहीही झालं की कॉर्टिसॉल वाढतं आणि लढणाऱ्या पेशी थंडावतात. बीज टाकल्यापासून महिन्याच्या आत मर लागते ती बऱ्याचदा ह्यामुळंच, विषाणू बिजाबरोबर आलेला असतो आणि आपण त्याला दार उघडून देतो.

आता खरं भांडण. उरलेले अठराशे मासे दाजी म्हणत होते विकून टाक, तळं रिकामं कर. मी म्हणालो हे वाचलेत म्हणजे ह्यांच्या अंगात आता ताकद आहे, ठेवणार. ठेवले, आणि ऑगस्टमध्ये त्यातच नवीन ८०० बोटुकली सोडली. सहाव्या दिवसापासून परत मर. मी रोज मेलेले मोजून वहीत लिहायचो, एका दिवसात २६, आणि सगळे छोटे! जुन्यातला एकही नाही, शेवटपर्यंत नाही. माझं म्हणणं सिद्ध झालं, कारण तिलापिया लेक व्हायरसबद्दल इस्रायलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच लिहिलंय, एकदा त्यातनं वाचलेला मासा पुन्हा त्या विषाणूला दाद देत नाही. भारतात हा विषाणू २०१८ मध्ये नोंदवला गेला.

दाजींचं म्हणणं, "मग नव्यांना रोग कुणी दिला? तुझ्याच पैलवानांनी." आणि हे मला मान्य करावं लागतं, तोंडावर केलेलं नाही, इथं करतो. वाचलेला मासा स्वतः ठणठणीत असून दुसऱ्याला विषाणू देऊ शकतो, हर्पिसच्या जातीत तर तो आयुष्यभर अंगात दडून बसतो. जुने आणि नवे एकत्र करायचे नाहीत. तळं रिकामं करून, चुना मारून, चांगलं कडक ऊन दाखवूनच पुढची बॅच.

आणि हो, आमचा तो व्हायरसच होता का, हे कागदावर नाही. मी मेलेले मासे खताच्या पिशवीत भरून लॅबला नेले, ते म्हणाले सडलेल्यावर पीसीआर (विषाणू ओळखायची तपासणी) होत नाही, आजारी पण जिवंत मासे आणा नाहीतर बर्फात ताजे. तुम्ही ते आधी करा. त्याच्याही आधी पहाटे पाचला जाऊन ऑक्सिजन बघा, बऱ्याचदा व्हायरस नसतोच, नुसता एरिएटर (पाण्यात हवा मिसळायचं यंत्र) बंद असतो. रोहू-कटला असेल तर आधी उवा बघा. बीज मान्यताप्राप्त हॅचरीचंच घ्या, गिफ्ट चिलापीला (चिलापीची सुधारित जात) परवानगी लागते ती काढा. मर चालू असताना खाद्य कमी करा, मेलेले रोज उचलून पुरा, बाकी हात लावू नका.

पावडरीबद्दल थोडं नरमाईनं सांगायचं तर बीटा-ग्लुकान आणि व्हिटॅमिन सी नं माशाची पहिली फळी खरंच जरा तयार राहते, पण खाद्यातनं, महिनाभर आधीपासून. मर लागल्यावर पाण्यात फेकायची नाही. दाजींच्या बादलीत साडेतीन किलो अजून शिल्लक आहे, पोल्ट्रीच्या शेडात मागं पडलीय, विट्याकडं येणं झालं तर घेऊन जा, पैसे नकोत.