सणाच्या सुट्टीत दान करायचंय : वेळ द्यावा की पैसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सणाची चार दिवस सुट्टी आहे, बोनसमधली काही रक्कम बाजूला काढली आहे, मुलांना घेऊन एखाद्या अनाथाश्रमात किंवा वृद्धाश्रमात जायचं मनात आहे. तर वेळ द्यावा की पैसे, आणि दिलेलं सत्कारणी लागतंय हे कसं ओळखायचं?

माझं उत्तर : पैसे आत्ता द्या, वेळ सण उलटल्यावर द्या. आणि दोन्हींच्या आधी एक फोन करा.

हे कुठल्या जोरावर म्हणते ते सांगते. मी एका संस्थेत स्वयंसेवकांच्या पाळ्या लावते. आमच्याकडे मुलंही आहेत आणि निराधार वृद्धही. सण तोंडावर आला की फोनला उसंत नसते, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना एकच वेळ हवी असते, सणाच्या दिवशी सकाळी अकरा ते एक. घरचं आटपून येता येतं आणि जेवायला परत घरी. वहीतल्या त्या पानावर समासातसुद्धा नावं असतात. पंधरा दिवसांनंतरचं पान उघडलं तर कोरं करकरीत. कोणाच्या मनात खोट असते असं मुळीच नाही. पण सगळ्यांची माया एकाच दिवशी उतू जाते आणि तो दिवस आतल्या माणसांना जड जातो.

जड म्हणजे कसा? एका सणाला दुपारपर्यंत दोन गट येऊन गेले होते. तिसऱ्या गटाची गाडी फाटकातून आत शिरली तशी आमची एक सात-आठ वर्षांची पोर खेळ टाकून उठली, फ्रॉक झटकला, भिंतीशी रांगेच्या जागी जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "ताई, आज गाणं आधी का खाऊ आधी?" आलेली मंडळी साधी आणि भली होती. पण त्या मुलीच्या लेखी तो सण नव्हता, ती ड्यूटी होती. वृद्धांची तऱ्हा आणखी वेगळी. मधुमेह असलेल्या आजोबांना तीन गटांनी प्रेमाने तीनदा गोड भरवायचं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या नर्सने साखर तपासत बसायचं. नको म्हणावं तर पाहुण्यांना वाईट वाटतं, म्हणून आजोबाही तोंड उघडतात.

मुलांच्या हक्कांसाठी काम करणारे लोक अशा धावत्या भेटींबद्दल बरीच वर्षं सावध करत आले आहेत. आज आलेली प्रेमळ माणसं उद्या दिसत नाहीत, हा अनुभव त्या मुलांना आयुष्याने आधीच भरपूर दिलेला असतो. शिवाय एक गोष्ट ध्यानात ठेवा : तुमचं ओळखपत्र न मागता, काहीही चौकशी न करता तुम्हाला थेट मुलांमध्ये सोडणारी संस्था दिसली तर तिथून काढता पाय घ्या. तुम्हाला जसं सोडलं तसं ते कोणालाही सोडतात.

मग वेळ कधी आणि कशाला द्यायचा? सण संपून आठवडा झाला की खरी कामं डोकं वर काढतात. कोणाला तरी रुग्णालयात न्यायचं असतं आणि नंबर लागेपर्यंत सोबत बसायचं असतं. पेन्शनचे अर्ज भरायचे असतात. गळका नळ असतो, बिघडलेला प्रिंटर असतो, देणगीदारांची यादी संगणकावर चढवायची राहिलेली असते. तुम्हाला पोटापाण्याच्या धंद्यात जे येतं तेच आम्हाला बहुधा हवं असतं. हिशेबनीस माणूस येऊन भिंत रंगवतो तेव्हा मला हळहळ वाटते, कारण आमचे हिशेब त्याच वेळी कपाटात पडलेले असतात. रंगारी बोलावता येतो हो. महिन्यातून एक शनिवार, ठरलेल्या वेळी, न चुकता येणारा माणूस आमच्यासाठी सणाच्या गर्दीतल्या वीस जणांहून मोलाचा.

तरी सुट्टीतच काही करायचं असा हट्ट असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, ज्याला घरी जायचंय त्याची जागा घ्या. संस्थेतल्या स्वयंपाकघरातल्या बाईंना, रात्रीच्या पहारेकऱ्याला, फोनवर बसणाऱ्याला सण नसतो का? "तुमच्या कोणाला सुट्टी हवी आहे का? त्यांचं काम मी करतो" असं विचारणारा फोन क्वचितच येतो. आला की आम्ही एकमेकींकडे बघतच राहतो. यात फोटो काढण्याजोगं काही नसतं, भांडी असतात. मानसिक आधाराच्या हेल्पलाइनींनाही सणात माणसं लागतात, कारण एकट्या माणसाला हेच दिवस खायला उठतात. ब्रिटनमधली 'समॅरिटन्स' ही १९५३ मध्ये सुरू झालेली संस्था नाताळच्या दिवशीसुद्धा फोन उचलते. पण हे काम प्रशिक्षणाशिवाय करता येत नाही आणि करूही देत नाहीत. पुढच्या सणाला तिथे बसायचं असेल तर नाव आत्ताच द्यावं लागेल.

दुसरी वाट रक्तदानाची. सुट्ट्यांत नेहमीचे दाते गावाला गेलेले असतात, महाविद्यालयं आणि कचेऱ्या बंद, म्हणून शिबिरं होत नाहीत. अपघात आणि बाळंतपणं मात्र कॅलेंडर बघून होत नाहीत. रक्त साठवून ठेवण्यालाही मर्यादा आहे. तांबड्या पेशी नीट थंड ठेवल्या तर जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ ते ७ दिवस. म्हणजे महिन्याभरापूर्वीच्या शिबिरातली प्लेटलेट सणाच्या आठवड्यात कामाची नाही. तासाभराचं काम, आणि इथे तुमची सुट्टी व गरज यांची वेळ खरोखर जुळते. इथेही रक्तपेढीला आधी फोन करा. कधीकधी एका गटाचा साठा पुरेसा असतो आणि ते तुम्हाला दोन आठवड्यांनी या म्हणतात. तसं म्हणाले तर दोन आठवड्यांनी जा.

आता पैशांकडे येते. "पैसे नको, वस्तू देतो, म्हणजे कुठे गेले ते कळतं" हे मी रोज ऐकते. त्यामागची शंका मला समजते. पण वस्तूंचं काय होतं तेही बघा. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूटाउन गावात शाळेत गोळीबार होऊन २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. ऐन नाताळाच्या तोंडावर जगभरातून त्या गावाकडे टेडी बेअर येऊ लागले, सुमारे ६५,००० आले. गावच्या लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त. ते ठेवायला गोदाम लागलं, निवडायला माणसं लागली, आणि शेवटी गावाला विनवणी करावी लागली की आता पाठवू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधं येऊन पडली. बऱ्याच खोक्यांवरची भाषा तिथल्या डॉक्टरांना वाचता येत नव्हती, काहींची मुदत संपलेली होती, आणि ती नष्ट करायचा खर्च वेगळाच. खरं तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्येच औषधदानाचे नियम सांगून ठेवले होते : कोणी मागितल्याशिवाय पाठवू नका, आणि पोचताना औषधाची किमान वर्षभराची मुदत शिल्लक असू द्या.

आमच्याकडे हे सगळं छोट्या प्रमाणावर दर वर्षी घडतं. गाठोडं सोडायचं, बटणं तुटलेले शर्ट एकीकडे, एकेकटे बूट दुसरीकडे, अर्धं कोडं सोडवलेली वह्या-पुस्तकं तिसरीकडे. यात दोघी-तिघींचा अख्खा दिवस जातो आणि निम्मं भंगारात. तीच रक्कम हातात असती तर घाऊक भावात हवं तेच, हव्या मापाचं आणलं असतं. वस्तूच द्यायची असेल तर आमच्याकडून यादी घ्या आणि नवी घ्या. मुलीला पहिल्यांदा कोणाचंही न वापरलेलं दप्तर मिळतं तेव्हा ती त्यावरचं प्लास्टिक काढू देत नाही.

आणि पैसे देताना "एवढे फक्त सणाच्या जेवणासाठीच" अशी अट घालू नका. त्या एका जेवणासाठी आमच्याकडे हवे त्याहून जास्त पैसे येतात. विजेच्या बिलासाठी, रात्रपाळीच्या नर्सच्या पगारासाठी कोणी देत नाही, कारण नर्सच्या पगारावर नाव कोरता येत नाही. यावर लोक विचारतात, संस्थेचा वरखर्च, म्हणजे संस्था चालवायचा खर्च, किती टक्के? वरखर्च कमी म्हणजे संस्था चांगली, हा समज इतका पसरला की अमेरिकेतल्या संस्थांची पारख करणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनी २०१३ मध्ये देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं की नुसत्या त्या आकड्यावरून संस्था जोखू नका. हिशेबनीस न ठेवणाऱ्या संस्थेचा वरखर्च कमी दिसतो हे खरं, पण तिचे हिशेबही तसेच असतात.

तपासायचं ते एवढं : नोंदणी आहे का, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागितल्यावर दाखवतात का, पावती देतात का. आणि फोनवर विचारा, "गेल्या वर्षी काय जमलं नाही?" खरी कामं करणारी संस्था या प्रश्नावर दहा मिनिटं बोलते. सगळंच छान चाललंय म्हणणाऱ्यांपासून मी जरा लांब राहते. सणात फसवणुकीच्या लिंकही पुष्कळ फिरतात. आलेल्या संदेशावर बोट ठेवून पैसे पाठवू नका, संस्थेचा पत्ता स्वतः शोधून तिथेच भरा. "आत्ताच्या आत्ता" म्हणून घाई करणाऱ्याला तर अजिबात नको.

सणात मागणाऱ्या संस्थांवर रागावू नका मात्र. तेव्हा लोकांचा हात सैल असतो म्हणून त्या मागतात, आणि ही रीत जुनी आहे. जोसेफ मॅकफी या साल्व्हेशन आर्मी नावाच्या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या कार्यकर्त्याने १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर गरिबांच्या नाताळच्या जेवणासाठी एक पातेलं ठेवलं होतं. आज अनेक देशांत डिसेंबरात दिसणारी लाल पातेली तिथूनच निघाली. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला 'गिव्हिंग ट्यूजडे' हा दानाचा मंगळवार तर खरेदीच्या हंगामाला लागूनच ठेवला आहे. माझं म्हणणं एवढंच की बाजूला काढलेल्या रकमेचे बारा भाग करा आणि दर महिन्याला आपोआप जातील असं बँकेत लावून द्या. रक्कम लहान वाटेल, वाटू दे. दर महिन्याला काय येणार हे ठाऊक असलं की आम्ही नर्सला नेमणुकीचं पत्र देऊ शकतो. एकरकमी मोठ्या देणगीवर ते देता येत नाही.

राहिली तुमची मुलं. त्यांना दाखवायला दुसऱ्यांची मुलं शोधू नका, एवढं माझं ऐका. घरी बसवून संस्था त्यांनाच निवडू द्या. दोन-तीन संस्थांचे अहवाल समोर ठेवा आणि कोणाला द्यायचे ते ठरवायला सांगा. दहा वर्षांचं पोर फार अडचणीचे प्रश्न विचारतं, तेच प्रश्न घेऊन फोन करा, फोन त्यालाच करू दे. मोठं पोर असेल तर सणानंतरच्या एखाद्या शनिवारी घेऊन या. आमच्याकडे पुस्तकांना कव्हरं घालायची आहेत, ती कायमच असतात.